कोंबडीच्या पोट्यात खडे का निघतात आणि दाणा पचतो कसा

सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवरून ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. त्यांच्याकडे तीसेक गावरान कोंबड्या आहेत. आखाडात एक कोंबडी साफ करताना तिच्या पोट्यात मूठभर खडे निघाले, वर काचेच्या बांगडीचा एक तुकडाही निघाला. ती आजारी होती का, तिचं मटण खाल्लं ते चाललं का? दुसरं, सासूबाई म्हणतात की कोंबडीला खडे लागतातच, आणि मुलगा म्हणतो की मका गिरणीतून पिठासारखा दळून आणू म्हणजे कोंबड्यांना पचायला हलका जाईल. खरं कोणाचं? तिसरं, दुसऱ्या एका कोंबडीचा गळा दोन दिवसांपासून फुगलाय, दाबला तर कणकेच्या गोळ्यासारखा लागतो.

ताई, फुगलेल्या गळ्याचं आधी सांगतो. खड्यांचं उत्तर उद्या वाचलं तरी चालेल, त्या कोंबडीला मात्र थांबायला वेळ नाही.

कोंबडीने टिपलेला दाणा सरळ पोटात जात नाही. मानेच्या खाली, छातीच्या जरा वर, अन्ननलिकेलाच एक पिशवी असते. पुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात. दाणा तिथे साठतो, पाण्याने भिजतो, मऊ होतो आणि थोडा थोडा करून खाली सरकतो. रानात मांजर, घार, मुंगूस सगळेच टपलेले, त्यामुळे पक्ष्याने पटपट टिपायचं, पिशवी भरायची आणि आडोशाला बसून सावकाश पचवायचं अशी ही सोय आहे. संध्याकाळी खुराड्यात गेलेल्या कोंबडीच्या गळ्याला हात लावून बघा. भिजवलेल्या हरभऱ्यांची पुरचुंडी असावी तसा तो भरलेला लागतो. पहाटे दार उघडण्याआधी पुन्हा बघा, चांगल्या कोंबडीचा गळा रिकामा, सैल असतो. कळपाची तब्येत ओळखायला याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही. मी शेतावर गेलो की पहिला हात तिथेच लावतो.

तुमच्या कोंबडीचा गळा सकाळीही भरलेला असेल तर तो अडकलाय. आज तिला वेगळं ठेवा. दाणा अजिबात देऊ नका, पाणी भरपूर ठेवा. अर्धा चमचा गोडेतेल चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडा आणि गोळा बाहेरून बोटांनी हलक्या हाताने चोळा, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. नुसत्या दाण्याचा गोळा असेल तर एका दिवसात सुटायला लागतो. बरेच जण कोंबडी उलटी धरून गळा पिळतात, ते करू नका. गळ्यातलं पाणी चोचीत येतं आणि तिथून श्वासनलिकेत जातं. मी दारात पोहोचण्याआधी अशी हातातच गेलेली कोंबडी मी एकदा नाही, अनेकदा पाहिली आहे.

एका दिवसात फरक नाही पडला तर दवाखान्यात न्या. निफाडकडच्या एका द्राक्षबागेतली कोंबडी माझ्याकडे आणली होती, गळा मोसंबीएवढा. जागा बधिर करून दोन बोटांएवढा छेद घेतला आणि चिमट्याने धरून ओढलं तर आतून वेणी घातल्यासारखं सगळं एकात एक गुंतून बाहेर आलं: वाळलेलं गवत, वेली बांधायची सुतळी, नायलॉनची दोरी. त्याला आंबट कुजका वास होता. पिशवी धुतली, दोन थरांत टाके घातले. दोन दिवसांनी कोंबडी मऊ भात खात होती. ही शस्त्रक्रिया फार मोठी नाही, आणि वेळेत केली तर जखम चांगली भरते. पण मुळात सुतळीचे आणि दोरीचे तुकडे अंगणात पडू देऊ नका. बागेची छाटणी झाली की नाशिक भागात असे गळे दर वर्षी येतात.

गोळा कणकेसारखा न लागता पाण्याच्या फुग्यासारखा डुचमळत असेल आणि तोंडाला आंबूस वास असेल तर आत बुरशी वाढलेली असू शकते, त्याला औषध वेगळं. आणि एकच कोंबडी नसून चार-पाच जणी एकदम मलूल झाल्या, हिरवट पातळ शिटायला लागल्या, माना वाकड्या व्हायला लागल्या, तर गळ्याचा विषय सोडा. तो राणीखेत असू शकतो, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. त्यात आजारी कोंबडीचा गळा रिकामा होत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं की दाणा अडकला. अशा वेळी त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आता पोटा आणि त्यातले खडे. ती कोंबडी आजारी नव्हती. सासूबाईंचं बरोबर आहे.

पक्ष्याला दात नाहीत, चावायला जबडाही नाही. दात आणि भक्कम जबडा म्हणजे डोक्यात वजन, आणि उडणाऱ्याला पुढे जड डोकं परवडत नाही. म्हणून चावण्याचं काम अंगाच्या मध्यभागी नेलेलं आहे. गळ्याच्या पिशवीतून दाणा आधी एका छोट्या, जाडसर नळीसारख्या भागात येतो. हे ग्रंथिल जठर. आपल्या पोटात असतं तसंच आम्ल आणि पेप्सिनसारखं पाचक द्रव्य इथे पाझरतं. दाणा तिथे फार वेळ थांबत नाही, आम्लात न्हाऊन पुढे पोट्यात जातो. पोटा म्हणजे पुस्तकातली पेषणी. नाव अगदी नेमकं आहे, कारण तिथे खरंच दळण चालतं.

शवविच्छेदन करताना मी विद्यार्थ्यांना पोटा आधी हातात धरायला लावतो. कोंबडीच्या अंगात इतका टणक अवयव दुसरा नाही. दोन्ही बाजूंना गडद लाल, जाड स्नायू आणि त्यांच्यावर चकाकणारी पांढरी शीर. मधोमध सुरी घातली की कचकच आवाज होतो, धार खड्यांवर घासते. उघडल्यावर आत एक पिवळी-हिरवट, खरखरीत साल दिसते, तिला घड्या असतात. तुम्ही पोटा साफ करताना तीच सोलून टाकता. ती साल म्हणजे मांस नव्हे. आतल्या ग्रंथींतून एक प्रथिन पाझरतं आणि थिजून कडक होतं, तिचं नाव कोइलिन. वरून झिजते, खालून नवी तयार होते. पिवळा-हिरवा रंग येतो तो आतड्यातून उलट आलेल्या पित्ताचा. ही साल नसती तर आम्लाने आणि खड्यांनी स्नायूच खाल्ला असता.

दोन जाड स्नायू एकमेकांसमोर जरा तिरके बसलेले असतात, त्यामुळे ते आकसले की माल नुसता दाबला जात नाही, रगडला आणि फिरवला जातो. मिनिटाला साधारण दोन-तीन वेळा. दळलेलं थोडं पुढे लहान आतड्यात ढकललं जातं, थोडं मागे ग्रंथिल जठरात जाऊन पुन्हा आम्ल घेऊन येतं. जाड राहिलेला कण पुढे सुटत नाही, तो बारीक होईपर्यंत आतच फिरत राहतो. म्हणजे जातं आणि चाळणी दोन्ही एकाच जागी. भरल्या पोटाची कोंबडी शांत बसलेली असताना तिच्या पोटाला डाव्या अंगाने स्टेथोस्कोप लावला तर खडे एकमेकांवर घासल्याचा आवाज ऐकू येतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आजीचं पहाटेचं जातं आठवलं होतं.

बांगडीचा तुकडा तुम्ही टाकला नसेल तर त्याच्या कडा बघा. माझ्याकडे अशा काचांची एक डबी आहे, आणि तिच्यातल्या बहुतेक तुकड्यांच्या कडा गोटीसारख्या गुळगुळीत झालेल्या आहेत. ते ज्या पोट्यांतून निघाले ते पोटे कोठेही कापलेले नव्हते. अठराव्या शतकात इटलीत लाझारो स्पालांझानी याने हेच मुद्दाम करून पाहिलं. शिशाच्या गोळीत सुया टोकं बाहेर ठेवून रोवल्या आणि त्या टर्की पक्ष्यांना गिळवल्या. सुयांची टोकं मोडली, पोट्याला इजा झाली नाही. त्याच्या आधी फ्रान्सच्या रेऑम्यूरने, १७५२ च्या सुमारास, घारीवर उलटा प्रयोग केला होता. घार न पचलेलं तोंडावाटे टाकते हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने भोकं असलेल्या धातूच्या नळ्यांत मांस भरून तिला दिलं. नळी बाहेर आली ती न चेमटता, पण आतलं मांस विरघळून गेलेलं. पचन म्हणजे रगडणं की विरघळणं हा तेव्हाचा मोठा वाद होता. दोघांच्या प्रयोगांतून कळलं की पक्ष्यात दोन्ही चालतं, आणि कोणता भाग जास्त हे तो पक्षी काय खातो त्यावर ठरतं. दाणे खाणाऱ्याचा पोटा जाड, मांस खाणाऱ्याचा पातळ पिशवीसारखा. काच खाल्ली तरी चालते असा याचा अर्थ घेऊ नका. मोठा, टोकदार तुकडा गळ्यातच अडकू शकतो.

खडे कोणते, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. तुमच्याकडची जमीन काळ्या पाषाणाची, पण त्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि कितीतरी खनिजं सापडतात. सिन्नरला त्यांचं गारगोटी नावाचं संग्रहालयच आहे. मी उघडलेल्या पोट्यांत पांढऱ्या-दुधी गारगोटीचे खडे फार दिसतात. त्याला कारण आहे: गारगोटी कठीण, आणि पोटातल्या आम्लात विरघळत नाही. मऊ दगड लवकर झिजून जातो. कठीण खडाही कायमचा राहत नाही. टोकं झिजून तो गोल, गुळगुळीत झाला की नीट दळत नाही. पूर्वी घरोघर जात्याला टाकी लावायला पाथरवट यायचे, कारण गुळगुळीत झालेलं जातं पीठ काढत नसे. कोंबडीकडे पाथरवट नाही, ती जुना खडा शिटीतून सोडते आणि नवा टिपते. नवा मिळाला नाही तर आहे तोच खडा आठवडेच्या आठवडे धरून ठेवते. मोकळ्या फिरणाऱ्या तुमच्या कोंबड्यांना म्हणून खडे घालायची गरज नाही. पिंजऱ्यात किंवा सिमेंटच्या जागेत कोंडलेल्या असतील आणि अख्खी बाजरी, मका, गहू खात असतील, तर मात्र एका वेगळ्या भांड्यात धुतलेली जाड वाळू किंवा बारीक खडी ठेवा, मोठ्या कोंबडीला ज्वारीच्या दाण्याएवढी. खाद्यात मिसळू नका. किती घ्यायचे ते तिला कळतं.

आता मुलाचं म्हणणं. त्याच्या मनात काळजी आहे हे दिसतं, पण मका पिठासारखा दळू नका. यावर मी गेली २७ वर्षं भांडत आलोय. पोट्याला काम मिळालं तरच तो जाड होतो, तालमीतल्या पोरासारखा. नुसत्या पिठावर वाढलेल्या पक्ष्याचा पोटा मी कापतो तेव्हा तो लहान, पातळ आणि ढिला असतो, आणि त्याच्या आधीचं ग्रंथिल जठर फुगून त्याच्याच आकाराचं झालेलं असतं. दोन्हींमधली कंबर दिसेनाशी होते. पीठ पोट्यात थांबत नाही, आम्लात पुरेसं न राहता पुढे सरकतं, आणि खाद्याबरोबर येणारे जंतूही न मरता आतड्यात पोहोचतात. शिवाय पीठ चोचीला चिकटतं, पाण्यात पडतं, वाऱ्याने उडतं, आणि कोंबडी त्यातले जाड कण तेवढे निवडून खाते. म्हणजे खाद्य बनवताना केलेलं मिश्रण तिच्या पोटात जाईपर्यंत राहतच नाही. मका भरडून द्या, दाण्याचे चार-पाच तुकडे होतील असा. थोडी बाजरी किंवा गहू अख्खे द्या, मोठ्या कोंबड्यांना तर नक्कीच. असं खाद्य सुरू केल्यावर पोटा काही दिवसांतच जाड व्हायला लागतो. हा अवयव गरजेप्रमाणे वाढतो आणि आटतो. नॉट नावाचा एक पाणपक्षी स्थलांतराच्या लांब उड्डाणाआधी आपला पोटा लहान करून घेतो, आणि शिंपले खायची जागा आली की पुन्हा वाढवतो.

घरी सोयाबीन पिकतं म्हणून कच्चं सोयाबीन मात्र घालू नका. त्यात प्रथिनाचं पचन रोखणारा घटक असतो, तो भाजल्याने जातो.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी आणखी एक गोष्ट खड्यांशी जोडलेली आहे, आणि इथे लोकांचा गोंधळ होतो. गारगोटीचा खडा दळायला लागतो, त्यातून कॅल्शियम मिळत नाही. अंड्याच्या कवचासाठी शिंपले किंवा चुनखडीचे बारीक तुकडे लागतात, आणि ते दळायला उपयोगी नाहीत कारण आम्लात विरघळतात. दोन्ही वेगळ्या भांड्यांत ठेवा. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं, म्हणून रोज अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला चारेक ग्रॅम लागतं. कवच प्रामुख्याने रात्री बनतं, तेव्हा ती काही खात नसते. शिंपल्याची भुकटी दिली तर संध्याकाळपर्यंत निघून जाते. जाडसर तुकडे दिले तर ते पोट्यात थांबतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळत राहतात. पातळ कवचाची तक्रार घेऊन आलेल्या कित्येकांना मी औषध न देता एवढंच सांगितलंय. पानाला लावायचा चुना चुकूनही देऊ नका, तो दाहक असतो. आणि वाढत्या पिल्लांना अंड्यावरच्या कोंबडीचं कॅल्शियमचं खाद्य देऊ नका, त्यांची मूत्रपिंडं खराब होतात.

याच दळण्यामुळे काही धोकेही होतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचा तुकडा कोंबडीने गिळला, तर पोटा तो घासतो, आम्ल त्याला विरघळवतं आणि जस्त रक्तात उतरतं. द्राक्षबागेचा मांडव बांधताना कापलेल्या तारांची टोकं जमिनीवर पडतात, तिथे मी दोनदा अख्खे चांगले पक्षी गेलेले पाहिले आहेत. कापल्या जागी टोकं डब्यात टाकायची सवय लावा. चुंबक फिरवला तरी बऱ्याचशा निघतात. तसंच पेरणीच्या वेळी औषध चोळलेलं गुलाबी-लाल मक्याचं बियाणं. ते मातीवर उघडं राहिलं तर कोंबड्या आणि मोर दोघेही टिपतात, आणि पोटा ते दळून विष सुटं करतो. खरिपात दरवर्षी मेलेल्या मोरांच्या बातम्या येतात त्यातल्या काही अशाच. बियाणं मातीआड झालंय की नाही हे पेरणीनंतर एकदा चालत जाऊन बघायला हवं.

तुमच्या मुलाला रस वाटतोय असं पत्रावरून दिसतं, म्हणून त्याच्यासाठी थोडं जास्त लिहितो. हेच यंत्र प्रत्येक पक्ष्याने आपापल्या खाण्याप्रमाणे बदलून घेतलेलं आहे, आणि ते बघायला नाशिकसारखी जागा नाही.

रामकुंडावर लोक पारव्यांना दाणे टाकतात. हे पारवे दाणा अख्खा गिळतात, सोलतही नाहीत, आणि मग जुन्या भिंतींचा चुना आणि खडे टोचत बसतात. त्यांच्या गळ्याच्या पिशवीला एक जास्तीचं काम आहे. पिल्लं निघायच्या सुमारास नर आणि मादी दोघांच्याही पिशवीचं अस्तर जाड होऊन सुटायला लागतं आणि त्याचं पनीरासारखं घट्ट दूध तयार होतं, स्निग्ध आणि प्रथिनांनी भरलेलं. पहिला आठवडाभर पिल्लू जवळजवळ त्यावरच वाढतं. नांदूर मध्यमेश्वरला, ज्या पाणथळीला २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर केलं गेलं, तिथे कधीमधी रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात. त्यांच्यातही असं गळ्यातलं दूध असतं.

गव्हाणी घुबडाला गळ्याची पिशवी नसते. ते उंदीर अख्खा गिळतं. त्याचा पोटा दळत नाही, गाळतो: मांस विरघळून पुढे जातं, हाडं आणि केस मागे राहून दाबले जातात आणि काही तासांनी काळपट गोळी होऊन तोंडातून बाहेर पडते. जुन्या वाड्याच्या किंवा पडक्या विहिरीच्या कडेला अशा गोळ्या सापडल्या की घेऊन या. हातमोजे घालून कोमट पाण्यात भिजत घाला आणि टाचणीने सोडवा. उंदराची पूर्ण कवटी निघते, तिचे पिवळे-नारिंगी दात शाबूत असतात. एका गोळीत मी दोन-तीन उंदरांच्या कवट्या मोजल्या आहेत, आणि मोजलेला प्रत्येक उंदीर कुणाच्या तरी शेतातला होता. घुबडाला हाकलणाऱ्यांना मी हीच गोळी दाखवतो.

आंब्यावरच्या बांडगुळाजवळ अंगठ्याएवढा एक पक्षी बघा, चिकचिक करत सारखा हलणारा. तो फुलटोचा. बांडगुळाचं फळ त्याच्या पोट्यात शिरतच नाही, बाजूने सरळ आतड्यात जातं आणि काही मिनिटांत चिकट बी बाहेर पडतं. तो शेपटी फांदीवर घासून ते बी तिथेच चिकटवतो, आणि नवं बांडगूळ रुजतं. तोच पक्षी कीटक खातो तेव्हा ते पोट्यात जाऊन दळले जातात. कोणता माल गिरणीत न्यायचा आणि कोणता नाही हे इतक्याशा पक्ष्याचं पोट ठरवतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आणि गिधाड. अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं राहतात. त्यांचं पोटातलं आम्ल फार तीव्र, सडलेलं मांस, त्यातले भयंकर रोगजंतू सगळं ते पचवतात. पण डायक्लोफेनॅक त्यांना पचलं नाही. हे सूज-वेदनेचं औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची, अंगातल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसायचा. कारण २००४ मध्ये कळलं, जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. त्या आधी मीही ते औषध गाईंना बेधडक टोचलेलं आहे. आता मेलॉक्सिकॅम वापरतो, ते गिधाडांना सुरक्षित आहे. कुणी तुमच्या गाईला माणसांसाठीचं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायला लागला तर थांबवा, ताई.

शिटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. गडद भागावर पांढरी टोपी असते ती कोंबडीची लघवी. पक्ष्यांना मूत्राशय नसतं, लघवी आणि विष्ठा एकाच दाराने येतात, आणि लघवीतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या नळ्या असतात. तिथे जंतू उरलेलं तंतुमय अन्न आंबवतात आणि पाणी शोषलं जातं. त्या नळ्या दिवसातून मोजक्या वेळाच रिकाम्या होतात, आणि तेव्हाची शीट चॉकलेटी, चिकट, फार वासाची असते. तिला पाहून हगवणीचं औषध आणायला धावू नका. रक्त दिसलं, किंवा सगळ्यांचीच शीट पाणीदार झाली, तर मात्र आणा.

बाकी ते मटण खाल्लं ते चाललं. पोटा चिरून खडे फेकले, पिवळी साल सोलली, धुतलं, की झालं. साल काळी पडलेली, भेगाळलेली किंवा खाली व्रण दिसले तर तो पोटा खाऊ नका आणि मला कळवा, कारण ते खाद्य खराब असल्याचं लक्षण असू शकतं, विशेषतः बुरशी आलेला मका.

पिल्लांचं राहिलं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला भाग असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. तरी पहिल्याच दिवशी पाणी आणि बारीक भरडा किंवा तांदळाची कणी ठेवा. अख्खा दाणा आणि खडे घाई करून देऊ नका. खुडूक कोंबडी त्यांना अंगणात घेऊन निघाली की माती उकरून ती एकेक कण टाकते, उचलते, पुन्हा टाकते, आणि पिल्लं तिच्या चोचीकडे बघत आपले पहिले खडे टिपायला लागतात.